वाण नव्हे, एकच रोप: मार्शल स्ट्रॉबेरीचं प्रकरण

अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या कोर्व्हॅलिस गावी अमेरिकी कृषी खात्याचा एक जनुकसंग्रह आहे, १९८१ पासूनचा. संग्रह म्हटलं की थंड खोली, कपाटं, सीलबंद पाकिटांतलं बियाणं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. इथे ते चित्र फारसं जुळत नाही, कारण इथे जपलेल्या बहुतेक पिकांचं वाण बियाण्यात मावतच नाही. नासपती, हेझलनट, ब्लूबेरी, हॉप्स, पुदिना, स्ट्रॉबेरी ही सगळी कलमांवर आणि फुटव्यांवर चालणारी मंडळी. म्हणून स्ट्रॉबेरीची जुनी वाणं इथे जाळीच्या घरात, कुंड्यांमध्ये, जिवंत ठेवली आहेत. जाळी इतकी बारीक, की मावा ही रोपांचा रस शोषणारी इवलीशी कीडसुद्धा आत शिरू नये. त्यातलं एक वाण म्हणजे मार्शल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांत वॉशिंग्टन आणि ओरेगन या राज्यांत स्ट्रॉबेरी म्हणजे मार्शल असंच समीकरण होतं. १९६० च्या दशकात ती शेतांतून गेली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या पारंपरिक खाद्यवारशासाठी काम करणाऱ्या संस्थांनी सर्वांत धोक्यात आलेल्या दहा खाद्यपदार्थांची यादी काढली, तेव्हा तीत मार्शलचं नाव होतं. पन्नास वर्षं राज्य केलेलं फळ चाळीस वर्षांत कुंडीत येऊन बसलं.

असं का झालं, याचं एक ठरलेलं उत्तर सांगितलं जातं. मार्शल फार चवदार होती पण नाजूक होती. मग मोठे बाजार आले, लांबचे ट्रक आले, बाजाराला टणक फळ हवं झालं आणि चव हरली. ऐकायला पटतं. आपल्याकडे गावरान टोमॅटोबद्दल हेच बोलतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मीही मार्शलबद्दल बरीच वर्षं हेच धरून चाललो होतो. पण तारखा एकापुढे एक मांडल्या की या उत्तराला तडे जातात. नाजूकपणा मार्शलला पहिल्या दिवसापासून होता आणि तरी ती सत्तर वर्षं टिकली. मग नेमकं काय बदललं? हे प्रकरण त्यासाठीच पाहण्यासारखं आहे.

कणगी आणि कलम

आधी ‘जुनं वाण’ या शब्दाचा घोळ निस्तरायला हवा.

जुना भात, गावठी वांगं, घेवडा यांचं वाण म्हणजे एक वस्तीच असते. शेतकरी दरवर्षी बी धरतो, राखेत घोळवून मडक्यात किंवा कणगीत ठेवतो, पुढच्या हंगामात पेरतो. प्रत्येक दाणा शेजारच्या दाण्याहून थोडा निराळा. पाऊस कमी झाला तर काही तगतात, काही जातात. वाण हळूहळू बदलत, जुळवून घेत पुढे जातं.

स्ट्रॉबेरीत हे नाही. फळाच्या पाठीवर जे बारीक दाणे दिसतात ते पेरले तर रोपं येतील, पण आईसारखी येणार नाहीत. बागेतली स्ट्रॉबेरी हा मुळात संकर आहे. फ्रेझिए नावाच्या एका फ्रेंच लष्करी अभियंत्यानं १७१४ मध्ये चिलीच्या किनाऱ्यावरून मोठ्या फळांची पाच रोपं जहाजातून जिवंत फ्रान्सला आणली. ती निघाली सगळी मादी. फुलं येत, फळं धरत नसत. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली लहान फळांची, सुवासिक जात त्यांच्या शेजारी लागली, परागीकरण झालं, आणि त्या दोघींच्या पोटी आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी आली. १७६६ च्या सुमारास द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं हे नातं ओळखलं. दोन्ही आजोळांकडून या पिकाला गुणसूत्रांचे आठ संच मिळाले आहेत, एकूण ५६. माणसाला दोन संच पुरतात. इतक्या पत्त्यांचा जोड पिसला की तोच डाव पुन्हा हातात येत नाही. म्हणून स्ट्रॉबेरीचं वाण टिकवायचं तर बी उपयोगाचं नाही, रनर हवा. रोपाच्या कुशीतून निघणारा लांब दोरीसारखा फुटवा जमिनीला टेकतो, तिथे मुळं धरतो, आणि नवं रोप तयार होतं. ते आईचं मूल नव्हे, ती आईच असते, हातभर पुढे सरकलेली.

आपल्या हापूसचं तसंच आहे. कलमी हापूस हे कोणत्या तरी एका झाडाचं पुढे चालू राहिलेलं अंग. पण आंब्याचं झाड शंभर वर्षं उभं राहतं. आजोबांनी लावलेलं नातवाला दिसतं. स्ट्रॉबेरीचं रोप तीन-चार वर्षांत थकतं. म्हणजे वाण टिकवणं हे एक न संपणारं काम झालं. कोणीतरी दर दोन-तीन वर्षांनी रनर मातीत टेकवायचा, नाहीतर गोष्ट तिथेच संपली.

तेव्हा मार्शल ही ‘जात’ म्हणून डोक्यात धरली तर प्रकरण कळत नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या मार्शफील्ड इथे मार्शल यूएल नावाच्या शेतकऱ्याला १८९० मध्ये आपोआप उगवलेलं एक रोप सापडलं. कोणी मुद्दाम संकर केलेला नव्हता. आईबाप कोण, त्याची नोंद नाही. फळ अप्रतिम निघालं म्हणून त्यानं ते वाढवलं आणि १८९३ मध्ये ते बाजारात आलं. त्यानंतर जगात जिथे जिथे मार्शल लागली, ते सगळं एकच रोप होतं. रोगही त्या एकाच रोपाला व्हायचे होते.

फळ कसं होतं

मोठं. त्या काळच्या मानानं फारच मोठं. रंग गडद लाल, आणि तो सालीपुरता नाही. कापलं तर गाभ्यापर्यंत लाल. आज बाजारात मिळणारी पुष्कळ फळं कापली की आत पांढरट गाभा निघतो. मार्शलमध्ये तसं नव्हतं, आणि मुरंबा किंवा आइस्क्रीम करणाऱ्याला याची किंमत फार, कारण रंग वेगळा घालावा लागत नाही. रस भरपूर. गोडीला आंबटपणाची धार, नुसता साखरपाणी गोडवा नव्हे. आणि वास. स्ट्रॉबेरीत चव म्हणून जे आपण सांगतो त्यातलं निम्मं नाकातून येतं, आणि मार्शलची ख्याती मुख्यतः तिथली. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात जन्मलेले पाककलेचे लेखक जेम्स बिअर्ड यांनी ही सर्वांत चवदार स्ट्रॉबेरी मानली होती, असं आजही तिकडे अभिमानानं सांगतात.

दोष? मऊपणा. सकाळी तोडलेलं फळ संध्याकाळपर्यंत खावं किंवा शिजवावं. शिवाय नखरेल. जमीन भारी आणि सुपीक हवी, पाणी वेळेवर हवं. हलक्या माळावर लावली तर यूएलच्या शेतातलं फळ तुम्हाला भेटतच नाही. उत्पादनही सगळ्यात भरघोस कधीच नव्हतं. फुलं मात्र पूर्ण, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग एकाच फुलात. परागीकरणासाठी शेजारी दुसरं वाण लावायची कटकट नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी नावाजलेल्या वाणांना ती होती, त्यामुळे हा गुण तेव्हा आजच्यापेक्षा मोठा वाटला असणार.

माहेरीच, म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये, मार्शलला लवकरच प्रतिस्पर्धी आला. त्याच राज्यातल्या हॉवर्ड नावाच्या माणसानं तयार केलेलं ‘हॉवर्ड १७’ हे वाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पसरलं आणि पूर्वेकडच्या शेतांत त्यानं मार्शलची जागा घेतली. चवीत ते मार्शलच्या जवळ गेलं नाही असं जुने जाणकार म्हणत, पण ते कुठेही येई, पानांच्या रोगांना पुरून उरे, आणि पुढे कळलं ते असं की विषाणू अंगात घेऊनही ते निभावून नेई. हा धागा पुढे लागणार आहे.

मऊपणाचं भांडवल

मार्शलचं खरं आयुष्य मात्र जन्मगावापासून चार-पाच हजार किलोमीटर दूर, पॅसिफिकच्या बाजूला घडलं. तिथे तिला नावंही वेगवेगळी पडली. ओरेगनमध्ये काही जण तिला ‘ओरेगन’ म्हणत, कॅलिफोर्नियात ती ‘बॅनर’ या नावानं वाढली. एकच रोप, तीन नावं. आपल्याकडे एकाच वांग्याला दोन तालुक्यांत दोन नावं असतात, त्यातलाच प्रकार.

वॉशिंग्टन आणि ओरेगनचा समुद्राकडचा पट्टा म्हणजे थंड, ढगाळ, भिजका वसंत आणि मग लांबच लांब उजेडाचे दिवस. फळ सावकाश पिकतं, वास धरतं. पण हा पट्टा मोठ्या शहरांपासून फार दूर. शिकागो, न्यूयॉर्कला ताजं मार्शल पोचवणं शक्यच नव्हतं. मग तिथल्या लोकांनी ताज्या फळाचा नाद सोडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तिथे एक धंदा उभा राहिला: फळ तोडायचं, देठ काढायचे, पिंपात साखरेबरोबर थर लावायचे आणि गोठवायचं. ही पिंपं देशभरच्या जॅमच्या आणि आइस्क्रीमच्या कारखान्यांत जात. डबाबंद फळही जाई.

आता पाहा. पिंपात जाणाऱ्या फळाला टणक असण्याची गरज काय? उलट आतपर्यंत लाल, वास न सोडणारं, साखरेत रस सोडणारं फळ हवं. ताज्या बाजारात जो दोष, तो इथे अडचण राहिलाच नाही. म्हणून ‘लांबच्या वाहतुकीनं मार्शल मारली’ हे विधान मला अर्धवट वाटतं. लांबच्या वाहतुकीनंच तिला मोठं केलं, फक्त ती वाहतूक गोठलेल्या फळाची होती. हा प्रक्रियेचा बाजार १९६० मध्येही होता. आजही ओरेगनमध्ये आहे. ओरेगनचं १९६५ चं ‘हूड’ हे वाणही मऊच आहे. दुकानाच्या फळीवर ते टिकत नाही, पण जूनमध्ये रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर लोक त्याच्यासाठी थांबतात आणि बाकीचं प्रक्रियेला जातं. मऊपणा हा मृत्युदंड असता तर हूडलाही झाला असता.

बेनब्रिज

सिएटल शहरासमोर, प्यूजेट साउंड या खाडीच्या पाण्यात, बेनब्रिज नावाचं बेट आहे. फेरीबोटीनं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. मार्शलची गोष्ट सांगताना या बेटावर थांबावंच लागतं, आणि मी थोडा जास्तच थांबणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे लाकडाची मोठी गिरणी होती. तिथे कामाला जपानी माणसं आली. जंगल तोडून झालं, गिरणी बंद पडली, मागे उरली खुंटांनी भरलेली जमीन. ती जपानी कुटुंबांनी कसायला घेतली. खुंट काढायचे म्हणजे घोडे जुंपून ओढायचे, नाहीतर सुरुंग लावायचे. त्या नव्या मोकळ्या केलेल्या जमिनीत स्ट्रॉबेरी लागली, बहुतेक सगळी मार्शल. जमीन स्वतःच्या नावावर करता येत नव्हती. नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या लोकांना मालकी नाकारणारा कायदा वॉशिंग्टन राज्यानं १९२१ मध्ये केला होता. मग खंडानं घ्यायची, किंवा अमेरिकेत जन्मलेल्या मुलाच्या नावावर चढवायची. दोन वर्षांत ती वाटही कायद्यानं अरुंद केली.

तरी शेती वाढली. तोडणीला फिलिपिनो मजूर येत, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातून आदिवासी कुटुंबं येत. तोडणी करता करता त्यांच्यात लग्नं झाली, आणि त्या संसारांची मुलं आज स्वतःला ‘इंडिपिनो’ म्हणवतात. एका फळाच्या हंगामानं समाजाला नवा शब्द दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९३९ मध्ये इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी कॅनडाच्या दौऱ्यावर होते, तेव्हा बेनब्रिजच्या स्ट्रॉबेरीच्या पेट्या त्यांच्यासाठी रवाना झाल्या, ही गोष्ट बेटावर अजून सांगतात.

सिएटलच्या पलीकडच्या बाजूला बेलव्ह्यूत हेच चित्र होतं. आज बेलव्ह्यू म्हणजे काचेच्या इमारती, सॉफ्टवेअर कंपन्या, आणि गणपतीत ढोल-ताशा ऐकू येण्याइतकी मराठी वस्ती. १९२५ पासून तिथे दर उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीचा उत्सव भरत असे आणि त्यासाठी फळ पिकवणारी बरीचशी कुटुंबं जपानी होती. १९४२ मध्ये तो बंद पडला. कारण सरळ होतं: पिकवणारेच उरले नव्हते.

पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर जपाननं केलेल्या हल्ल्यानंतर १९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. किनारपट्टीवरच्या जपानी वंशाच्या लोकांना हलवण्याचा अधिकार लष्कराला मिळाला. पहिला बडगा बेनब्रिजवर पडला. २४ मार्चला नोटिसा लागल्या, ३० मार्चला बेट रिकामं करायचं. सहा दिवस. हातात मावेल तेवढंच सामान. २२७ जणांना संगिनी लावलेल्या बंदुकांच्या पहाऱ्यात धक्क्यावर नेऊन फेरीबोटीत बसवलं, तिथून आगगाडीनं कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या वाळवंटी छावणीत. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे जन्मसिद्ध नागरिक होते.

तारखेकडे शेतकऱ्याच्या नजरेनं पाहा. मार्चअखेर. रोपं बहरात यायच्या बेतात, आणि जूनमध्ये तोडणी. वर्षभराचा खर्च मातीत गेलेला, उत्पन्नाला दोन-अडीच महिने बाकी. काही शेतं फिलिपिनो कामगारांनी सांभाळली आणि त्या उन्हाळ्याचा माल काढला. काहींनी मालक परत येईपर्यंत घरं-जमिनी राखल्या. पण युद्ध संपल्यावर सगळी कुटुंबं परतली नाहीत, आणि परतलेल्या सगळ्यांनी स्ट्रॉबेरी पुन्हा लावली नाही. ज्या धक्क्यावरून त्यांना नेलं तिथे आज स्मारकाची लाकडी भिंत आहे. त्यावरचे जपानी शब्द ‘निदोतो नाइ योनि’, म्हणजे ‘पुन्हा असं होऊ नये’.

बेनब्रिजची ही हकीकत इतकी ठसठशीत आहे की तीच मार्शलच्या नाहीशा होण्याचं कारण म्हणून सांगायचा मोह होतो. काही जण सांगतातही. मी ते मानत नाही. युद्धानंतर वायव्येकडच्या शेतांत मार्शल आणखी पंधरा-वीस वर्षं होतीच. पण दोन गोष्टींचा काही संबंधच नव्हता, असंही म्हणवत नाही. स्ट्रॉबेरीत रोज वाफ्यांतून फिरून खुरटलेलं रोप ओळखणारी, ते मुळासकट उपटून फेकणारी, रनर कोणत्या रोपाचा घ्यायचा हे ठरवणारी नजर तयार व्हायला वर्षं लागतात. ती नजर असलेली माणसं एका आठवड्यात शेतांवरून उचलली गेली. त्याचा वाणावर किती परिणाम झाला, हे मोजता येणार नाही. माझा अंदाज आहे की झाला.

आतून पोखरणं

आता मुख्य आरोपीकडे येऊ.

कॅलिफोर्नियात १९२० च्या दशकात स्ट्रॉबेरीच्या शेतांत पानांच्या कडा पिवळ्या पडून ती वाटीसारखी वळायला लागली. रोपं खुजी राहू लागली. खत दिलं, पाणी दिलं, काही फरक नाही. प्लाकिडास या रोगतज्ज्ञानं १९२७ मध्ये दाखवून दिलं की हा मातीचा दोष नाही. मावा रस शोषताना रोग एका रोपावरून दुसऱ्यावर नेतो आहे. थोड्याच वर्षांत ओरेगनमध्ये झेलर यांनी पानं चुरगळल्यासारखी करणाऱ्या ‘क्रिंकल’ या दुसऱ्या विषाणूरोगाचं वर्णन केलं. पुढे आणखी विषाणू ओळखले गेले.

यातली मेख अशी. एकटा विषाणू बहुतेक वेळा काहीच दाखवत नाही. पान हिरवं, फळ ठीक. शेतकऱ्याला रोप निरोगी वाटतं, तो त्याचेच रनर काढतो. पुढच्या वर्षी मावा दुसरा विषाणू आणतो. मग तिसरा. हे एकमेकांत मिसळले की रोप खंगतं. एकदा शिरलेला विषाणू रनरमधून पुढच्या रोपात जातो, तिथून त्याच्या पुढच्या. बियाण्यातून हे विषाणू सहसा उतरत नाहीत, पण मार्शलला बियाण्याची वाट बंद. म्हणजे दर पिढीला निर्मळ होण्याची जी संधी भाताला, वांग्याला मिळते ती हिला नव्हती. आपले शेतकरी ‘बियाणं उतरलं’ म्हणतात, म्हणजे पहिल्यासारखं जोमदार राहिलं नाही. मार्शल अक्षरशः उतरत गेली. एकाच रोपाचं अंग सत्तर वर्षं लांबवत नेलं आणि सत्तर वर्षांचे आजार त्यात साठत गेले. त्याच्या जोडीला मुळांचा गाभा लाल पाडून ती कुजवणारी मूळकूज, थंड ओल्या जमिनीत पसरणारी. तिच्यापुढेही मार्शलचा टिकाव नव्हता. नवी जंगलजमीन मोकळी करून लावणाऱ्यांना काही काळ हे रोग मागे टाकता येत. खुंट काढायला जमीनच उरली नाही, तेव्हा तेही संपलं.

रोपात विषाणू आहे की नाही हे पाहायची युक्ती मोठी मजेची आहे. रानातली लहान स्ट्रॉबेरी विषाणूंपुढे फारच हळवी. संशयित रोपाचा रनर किंवा पान तिच्यावर कलम करायचं. काही आठवड्यांत रानटी रोपाची पानं वाकडीतिकडी झाली की समजायचं, वरून ठणठणीत दिसणारं रोप आतून आजारी आहे. ही चाचणी १९४० च्या दशकात रुळली आणि १९५० च्या दशकात सोपी झाली. मग अनेक भागांतल्या मार्शलच्या शेतांत निर्मळ रोप शोधणं किती कठीण आहे ते कळायला लागलं.

त्याच सुमाराला, १९४९ मध्ये, वॉशिंग्टन राज्याच्या संशोधन केंद्रानं ‘नॉर्थवेस्ट’ नावाचं वाण दिलं. फळ चांगलं, गोठवायला उत्तम, पण खरा गुण हा की विषाणू सोसून ते उत्पादन देत राही. हॉवर्ड १७ नं पूर्वेला जे केलं तेच नॉर्थवेस्टनं पश्चिमेला. प्रक्रिया करणाऱ्या कारखानदाराला एकरी माल हवा होता. मार्शलचा एकरी माल दरवर्षी घटत होता. शेतकऱ्यानं निर्णय घेतला. त्यात चवीचा अपमान वगैरे काही नव्हता, हिशेब होता. मी त्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

मग मार्शल निर्मळ करून का घेतली नाही? तंत्र होतं, पण उशिरा आलं. रोप ३७-३८ अंश सेल्सियसच्या उष्ण खोलीत काही आठवडे वाढवायचं, त्या उष्णतेत विषाणूची वाढ मंदावते आणि नव्या कोंबाचं टोक त्याच्या पुढे निघून जातं. ते मिलिमीटरपेक्षाही लहान टोक कापून काचेच्या नळीत वाढवायचं. फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये डेलियावर ही कोंबाच्या टोकाची पद्धत यशस्वी केली. स्ट्रॉबेरीत ती रुळेपर्यंत १९६० चं दशक उजाडलं. तोवर शेतकऱ्यांनी मार्शलकडे पाठ फिरवली होती. हूडसारख्या नंतरच्या वाणांना जन्मापासून प्रमाणित, तपासलेल्या रोपवाटिकांचा आधार मिळाला. मार्शल आधी जन्मली, एवढाच तिचा गुन्हा.

आपल्या ओळखीची गोष्ट

महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटणार नाही. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाफ्यात असतात ती कॅमारोसा, स्वीट चार्ली, विंटर डॉन यांसारखी कॅलिफोर्निया-फ्लोरिडाच्या विद्यापीठांतली वाणं. मदर प्लांट परदेशातून मागवायचे, पावसाळ्याच्या आगेमागे त्यांचे रनर पिशव्यांत भरायचे, मग गादीवाफ्यावर लावायचे. मदर प्लांटचा खर्च शेतकऱ्याला दरवेळी टोचतो. जुन्याच शेतातले रनर धरले तर? धरता येतात, लोक धरतातही. एखाद-दोन हंगाम निघतात, मग फळ बारीक होतं, रोप बसतं. ही मार्शलचीच गोष्ट आहे, सत्तर वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांत आटपलेली. मानांकन मातीला आणि हवेला मिळालं आहे. रोपाचं माहेर दूर आहे.

‘आपलं देशी वाण जपा’ असं कोणी स्ट्रॉबेरीबद्दल उत्साहानं म्हणालं तर मला आधी विचारावंसं वाटतं, जाळीचं घर आहे का? मावा मोजणारं कोणी आहे का? बियाणं जपण्याचा अनुभव इथे कामाचा नाही. स्ट्रॉबेरीसाठी गोठ्यासारखी रोजची हजेरी लागते.

पुन्हा कुंडीकडे

२००७ मध्ये लीया गॉथिए या अमेरिकन कलाकार बाईंनी कोर्व्हॅलिसकडून मार्शलची मोजकी रोपं मागवली. त्या शेतकरी नव्हत्या. माणसं, अन्न आणि हरवलेल्या चवी यांच्यावर त्यांचं कलाकाम चालू होतं. त्यांनी रनर वाढवले, लोकांना दिले, विकले. हळूहळू हौशी बागवाल्यांच्या वाफ्यांत मार्शल पुन्हा दिसू लागली. पारंपरिक अन्न जपू पाहणाऱ्या स्लो फूड चळवळीच्या जपणुकीच्या यादीतही तिचं नाव आहे. शेतात ती परत आलेली नाही आणि मला येईल असंही वाटत नाही. तिच्यावरचे विषाणू गेले, तरी ती विषाणूंपुढे पूर्वीइतकीच हळवी आहे. परसात लावली की दोन-चार वर्षांत मावा तिला शोधून काढतो. मग पुन्हा निर्मळ रोप मागवायचं.

परसात ज्यांनी ती लावली ते सांगतात की फळ तोडल्यावर घरात न्यायचीही घाई करावी लागते. बोटांना डाग पडतात. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाऊ म्हटलं तर तळाशी नुसता रस.

कोर्व्हॅलिसच्या जाळीघरात मार्शलची कुंडी आहे. रोप थकायला लागलं की त्याचा एक रनर शेजारच्या ताज्या मातीत टेकवतात. मुळं धरली की दोरी कापतात. जुनं रोप फेकून देतात, पाटी नव्या कुंडीत खोचतात.